डोळ्याच्या पडद्यातल्या नसांना टॉरिन नेमकं काय देतं

मांजराला नुसत्या दूधभातावर वाढवलं तर ते हळूहळू आंधळं होऊ शकतं. हे सांगितलं की लोक म्हणतात काहीतरीच काय, आमच्या आजीकडची सगळी मांजरं दूधभातावरच मोठी झाली की. झाली, पण ती मांजरं दिवसभर बाहेर फिरायची, उंदीर, पाली, चिमण्या मारून खायची, कोळणीच्या टोपलीजवळ घुटमळून माशाची डोकी मिळवायची, आणि त्यातून त्यांना जे मिळायचं ते वाटीतल्या दूधभातात नव्हतं. आता फ्लॅटमध्ये दार-खिडक्या बंद करून पाळलेल्या मांजराला, घरात मांस-मासे चालत नाहीत म्हणून, फक्त दूध, चपाती, पनीर असं दिलं, तर त्याच्या डोळ्याच्या पडद्याचं खरोखर नुकसान होतं आणि ते नंतर भरून येत नाही. तुमच्याकडे असं मांजर असेल तर प्लीज पशुवैद्याशी बोला आणि मांजरांसाठीच बनवलेलं खाणं सुरू करा, बाकीचा लेख नंतर वाचला तरी चालेल.

जे नव्हतं ते म्हणजे टॉरिन. अमिनो ॲसिड आहे. १९७५ मध्ये हार्वर्डमधल्या के. सी. हेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सायन्स' या मासिकात दाखवून दिलं की मांजरांना प्रोटीन म्हणून फक्त केसीन दिलं, केसीन म्हणजे दुधातलं मुख्य प्रोटीन, तर त्यांच्या रक्तातलं टॉरिन खूप कमी होतं, मग पडद्यातलं कमी होतं, आणि मग पडद्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या पेशी मरायला लागतात. प्रोटीन भरपूर मिळत होतं बरं का, उपासमार अजिबात नव्हती, फक्त हा एक पदार्थ नव्हता. मांजराच्या बाबतीत दोन गोष्टी एकदम उलट्या पडतात. एक तर ज्या एन्झाइमने टॉरिन बनतं ते त्याच्या लिव्हरमध्ये फार कमी असतं, आणि दुसरं म्हणजे पित्त बनवताना मांजराचं शरीर फक्त टॉरिनच वापरतं, आपल्यासारखं ग्लायसिन हे दुसरं अमिनो ॲसिड वापरून भागवू शकत नाही, त्यामुळे पित्तावाटे टॉरिन रोज थोडं थोडं बाहेर जातच राहतं. पुढे १९८७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या विद्यापीठातल्या पॉल पायन यांनी दाखवलं की टॉरिन कमी पडलं की मांजराचं हृदयही मोठं आणि कमजोर होतं, आणि तेव्हापासून मांजरांच्या तयार खाण्यातलं टॉरिनचं प्रमाण कंपन्यांनी वाढवलं.

पण मांजरं हा या विषयाचा अर्धाच भाग आहे. पेशी जिवंत ठेवायला टॉरिन लागतं हे कळलं, पण पडद्यातून नसांचे धागे *वाढायला* ते मदत करतं का, हा प्रश्न वेगळा आहे आणि मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण काचबिंदू असो, अपघात असो, नस एकदा गेली की गेली हे आपल्याला डॉक्टर सांगतात आणि ते खरंच आहे. त्यामुळे नस वाढवणारं काहीही सापडलं की लोकांच्या आशा लगेच पल्लवित होतात, आणि अशा वेळी नेमकं काय सापडलंय हे नीट समजून घेतलेलं बरं.

आधी टॉरिन म्हणजे काय ते बघू. १८२७ मध्ये टीडेमान आणि ग्मेलिन या दोन जर्मन शास्त्रज्ञांनी ते बैलाच्या पित्तातून वेगळं काढलं. आज बाजारात जे मिळतं ते कारखान्यात बनतं, बैलाशी त्याचा काही संबंध नसतो. बाकीची अमिनो ॲसिड एकमेकांना जोडून प्रोटीन बनतं हे आपण शाळेत शिकलो, पण टॉरिन प्रोटीनमध्ये जातच नाही. त्याच्या रेणूत जिथे बाकीच्यांचा कार्बोक्सिल गट असतो तिथे याचा गंधक असलेला गट असतो, त्यामुळे ते प्रोटीनच्या साखळीत बसत नाही आणि पेशीत मोकळंच फिरतं. आणि पडद्यात तर ते सगळ्यात जास्त प्रमाणात असलेलं मोकळं अमिनो ॲसिड आहे, रक्तात जेवढं असतं त्याच्या शेकडो पट. एवढं टॉरिन आपोआप तिथे जमत नाही. पेशीच्या आवरणावर एक ट्रान्सपोर्टर असतो, म्हणजे टॉरिन ओढून आत घेणारं प्रोटीन, ते सोडियमच्या जोरावर रक्तातलं टॉरिन आत खेचतं. २००२ मध्ये जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फच्या शास्त्रज्ञांनी असे उंदीर तयार केले ज्यांच्यात या ट्रान्सपोर्टरचं जीनच बंद होतं, आणि त्यांचा पडदा लहानपणीच खराब झाला. शरीराने पडद्यात हे एवढं जमवून ठेवलंय त्यामागे कारण असणार, एवढं तर यावरून नक्कीच म्हणता येतं.

आता पडद्याची रचना अगदी थोडक्यात. सगळ्यात मागे प्रकाश टिपणाऱ्या पेशी, रॉड आणि कोन, मध्ये संदेश पुढे देणाऱ्या पेशी, आणि सगळ्यात पुढे गँग्लियन पेशी. या गँग्लियन पेशींमधून प्रत्येकी एक लांब धागा निघतो, माणसाच्या एका डोळ्यातून असे साधारण १० ते १२ लाख धागे निघतात, ते सगळे एकत्र येऊन ऑप्टिक नर्व्ह बनते आणि मेंदूकडे जाते. काचबिंदूमध्ये मरतात त्या याच गँग्लियन पेशी आणि त्यांचे धागे.

माणूस, उंदीर, मांजर, कुत्रा, कुठल्याही सस्तन प्राण्याची ऑप्टिक नर्व्ह तुटली तर ती स्वतःहून परत जुळत नाही. माशाची जुळते. गोल्डफिशची नस चिमट्याने दाबून तोडली तरी काही आठवड्यांत धागे परत मेंदूपर्यंत पोचतात आणि मासा परत बघायला लागतो. बेडूक आणि सॅलमँडरच्या जातीतल्या प्राण्यांमध्येही हे होतं, १९४० च्या दशकात रॉजर स्पेरी यांनी त्यावर खूप काम केलं आणि दाखवलं की धागे नुसते वाढत नाहीत, ते मेंदूत आपापल्या जुन्या जागेवर परत जातात. आपल्यात हे का होत नाही याची कारणं बऱ्यापैकी माहीत आहेत. जन्मानंतर थोड्याच काळात गँग्लियन पेशी लांब वाढण्याचा आपला कार्यक्रम बंद करतात, मायलिनमध्ये, म्हणजे नसेच्या धाग्यांवरच्या आवरणात, वाढ थांबवणारी प्रोटीनं असतात, आणि जखमेच्या जागी ग्लिया, म्हणजे नसांना आधार देणाऱ्या पेशींचा एक जाड व्रण तयार होतो जो धाग्याला पुढे जाऊ देत नाही. माशात हे अडथळे कमी असतात आणि त्याच्या पेशींना वाढीचा कार्यक्रम परत सुरू करता येतो. म्हणूनच नस कशी वाढते हे शिकायचं असेल तर गोल्डफिश फार कामाचा, स्वस्त आहे, सहज मिळतो आणि त्याचा पडदा काढून काचेच्या डिशमध्ये ठेवला तर काही दिवस जगतो.

डिशमधल्या या पद्धतीबद्दल एक गोष्ट आधी सांगायला हवी कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. १९७० च्या दशकात मिशिगन विद्यापीठात लँड्रेथ आणि ॲग्रानॉफ यांनी गोल्डफिशच्या पडद्याचे बारीक तुकडे करून डिशमध्ये ठेवले, आणि त्यांना दिसलं की माशाची नस काही दिवस *आधीच* दाबून ठेवली असेल तर त्या तुकड्यांतून भरपूर धागे फुटतात, आणि नस धडधाकट असलेल्या माशाचा पडदा घेतला तर त्यामानाने फारच कमी. म्हणजे जखमेची बातमी पेशीपर्यंत पोचते, पेशी वाढायच्या तयारीला लागते, आणि त्या तयार अवस्थेतला पडदा डिशमध्ये आणला तर तो वाढतो. वाढायचं की नाही हा निर्णय पेशीने घेतलेला असतो.

मग १९८० च्या दशकाच्या शेवटी व्हेनेझुएलातल्या कराकस इथल्या आयव्हीआयसी या सरकारी संशोधन संस्थेत लुसिमे लिमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, त्यात बोरिस द्रुहान हे पडद्याचे जुने अभ्यासकही होते, याच पद्धतीत टॉरिन घालून बघितलं. नस आधी दाबून ठेवलेल्या गोल्डफिशचा पडदा, त्याचे छोटे तुकडे, खाली धाग्यांना चिकटून पुढे सरकता यावं असा थर, आणि पोषक द्रवात टॉरिन. काही दिवसांनी मायक्रोस्कोपखाली बघायचं की किती धागे फुटले आणि किती लांब गेले. टॉरिन असलेल्या डिशमध्ये धागे जास्त आणि लांब, आणि टॉरिनचं प्रमाण बदललं तसा परिणामही बदलत गेला. हे काम त्यांनी पुढे अनेक वर्षं चालू ठेवलं, आणि त्यात त्यांना हेही दिसलं की सेरोटोनिन, जे आपण मूडशी जोडतो ते रसायन, ते घातलं तर उलटं होतं, वाढ कमी होते. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण त्यातून कळतं की कुठलंही मेंदूतलं रसायन घातलं आणि धागे वाढले असं होत नाही.

टॉरिन हे कसं करतं? १९९३ मध्ये त्याच गटाने दाखवलं की यात कॅल्शियमचा हात असावा. वाढणाऱ्या धाग्याच्या टोकाला एक चपटा, सतत हलणारा भाग असतो, त्याला ग्रोथ कोन म्हणतात, आणि मांडवाखाली लावलेल्या वेलाचं टोक जसं हवेत चाचपत काठी शोधतं तसंच हे टोक पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे चाचपत कुठे चिकटता येतंय ते बघतं आणि मग सरकतं. हे टोक सरकायचं की थांबायचं हे बऱ्याच अंशी त्याच्या आत कॅल्शियम किती आहे त्यावर ठरतं, अगदी कमी असलं तरी थांबतं आणि खूप वाढलं तरी थांबतं, मधल्या पातळीवर चालतं. कॅल्शियम पेशीत किती येणार आणि किती साठून राहणार यावर टॉरिनचा परिणाम होतो, आणि हे पडद्यातल्या पेशींमध्येही आणि हृदयाच्या स्नायूतही दिसलंय. शिवाय टॉरिन पेशीतल्या पाण्याचा तोल सांभाळतं, म्हणजे पेशी फुगू किंवा आक्रसू देत नाही, आणि धागा लांब होताना पेशीचं आवरणही सतत वाढत असतं म्हटल्यावर तिथे हे काम किती गरजेचं असेल ते लक्षात येतं.

या सगळ्यातून मला जे दिसतं ते असं, की टॉरिन वाढ सुरू करत नाही, सुरू झालेल्या वाढीला हात देतं. नस आधी दाबलेली असणं ही अट लक्षात ठेवा. ज्या पेशीने वाढायचं ठरवलंय तिला टॉरिन मिळालं तर ती जास्त चांगली वाढते. ज्या पेशीने वाढ बंद करून टाकलीय, जशा आपल्या डोळ्यातल्या, तिला टॉरिनमध्ये बुडवून ठेवलं तरी ती उठून मेंदूपर्यंत धागा पाठवेल असं या प्रयोगांनी कुठेही दाखवलेलं नाही. इंटरनेटवर 'टॉरिन नसा परत वाढवतं' असं जे फिरतं त्यात हा एवढा मोठा फरक गाळलेला असतो आणि त्याचा मला खरंच त्रास होतो, कारण वाचणारा कोणीतरी आपल्या काचबिंदू झालेल्या आईसाठी वाचत असतो.

सस्तन प्राण्यांत टॉरिनचं सगळ्यात मोठं काम दिसतं ते पडदा बनत असताना. १९९३ मध्ये हार्वर्डमधल्या कॉनी सेप्को यांच्या लॅबने नवजात उंदराच्या पडद्यातल्या अजून न ठरलेल्या पेशी डिशमध्ये वाढवल्या. त्यांना आधीपासून माहीत होतं की या पेशींना रॉड बनायला लावणारं काहीतरी पडद्यातूनच बाहेर पडतं, ते काय आहे हे शोधत गेले आणि हाती लागलं टॉरिन. ते दिल्यावर रॉड होणाऱ्या पेशींची संख्या खूप वाढली. पुढे २००४ मध्ये त्याच लॅबने दाखवलं की यात ग्लायसिनचा एक रिसेप्टर आहे, म्हणजे टॉरिन पेशीवरच्या ग्लायसिनसाठी असलेल्या जागेवर बसून संदेश देतं. पूर्ण वाढ झालेल्या मेंदूत ग्लायसिन पेशींना शांत करतं, पण अगदी लहान, घडत असलेल्या पेशीच्या आत क्लोराइड जास्त असल्यामुळे तोच संदेश पेशीला जागं करतो आणि त्यातून कॅल्शियम आत येऊ शकतं. परत कॅल्शियमच.

अमेरिकेत स्टेटन आयलंडवर जॉन स्टर्मन या संशोधकाने गाभण मांजरींना टॉरिन नसलेलं खाणं दिलं तर पिल्लांमध्ये काय होतं ते बघितलं, आणि फक्त डोळ्यातच नाही तर मेंदूच्या बघण्याच्या भागात आणि लहान मेंदूतही (सेरेबेलम) पेशी जिथे जायला हव्यात तिथे वेळेवर पोचलेल्या नव्हत्या. आईच्या दुधात टॉरिन चांगलं असतं आणि गाईच्या दुधात फार कमी, म्हणून १९८४ मध्ये अमेरिकेत बाळांच्या पावडरच्या दुधात टॉरिन घालायला परवानगी मिळाली आणि आज बऱ्याच डब्यांवर ते लिहिलेलं दिसेल. अंगावर पिणाऱ्या बाळाला वेगळं काही द्यायची गरज नाही.

माणसात कमतरता होते का, तर होते, पण फार खास परिस्थितीत. १९८५ मध्ये एका अमेरिकन अभ्यासात अशी मुलं बघितली जी दीर्घकाळ फक्त शिरेतून दिलेल्या पोषणावर होती आणि त्या द्रवात टॉरिन नव्हतं, त्यांचं रक्तातलं टॉरिन कमी झालेलं होतं आणि पडद्याची विजेची तपासणी, ईआरजी, बिघडलेली होती. टॉरिन दिल्यावर त्यात सुधारणा दिसली. दुसरं उदाहरण म्हणजे विगाबॅट्रिन, लहान बाळांच्या एका खास प्रकारच्या फिट्सवर हे औषध आपल्याकडेही वापरतात, आणि त्याने काही जणांची कडेची नजर कायमची कमी होते हे माहीत आहे. २००९ मध्ये पॅरिसमधल्या सर्ज पिको यांच्या गटाने दाखवलं की हे औषध दिलेल्या उंदरांमध्ये टॉरिन कमी होतं, अंधारात ठेवलं तर नुकसान कमी होतं आणि टॉरिन दिलं तरी कमी होतं, आणि औषध घेणाऱ्या बाळांपैकी बहुतेकांच्याही रक्तात टॉरिन कमी आढळलं. इथे मी कळकळीने सांगते, हे वाचून कोणीही बाळाचं औषध स्वतःहून बंद करू नका, फिट्स न थांबणं जास्त घातक आहे. डोळ्याची नियमित तपासणी होतेय ना, एवढं न्यूरॉलॉजिस्टला जरूर विचारा.

आणि तिसरं उदाहरण २०२० मध्ये आलं. पाकिस्तानातल्या एका कुटुंबात नात्यात लग्न झालेल्या आईवडिलांच्या दोन मुलांमध्ये त्याच ट्रान्सपोर्टरचं जीन बिघडलेलं होतं, ज्याबद्दल वर उंदरांच्या बाबतीत लिहिलं. नजर जात चालली होती आणि हृदयही कमजोर. त्यांना तोंडाने टॉरिन द्यायला सुरुवात केली, दोन वर्षांच्या उपचारात दोघांचंही हृदय सुधारलं आणि त्यातल्या सहा वर्षांच्या लहान भावंडाच्या पडद्याचं बिघडत जाणं थांबलं. मेलेल्या पेशी परत आल्या नाहीत, पण उरलेल्या वाचल्या, आणि अशा आजारात हे फार मोठं आहे. पण हे अतिशय दुर्मीळ जीन आहे, साध्या चष्म्याच्या नंबराशी किंवा मोतीबिंदूशी याचा संबंध जोडू नका.

काचबिंदूबद्दल बोलायचं तर पिको यांच्याच गटाने २०१२ मध्ये काचबिंदू असलेल्या उंदरांना पाण्यातून टॉरिन देऊन गँग्लियन पेशी जास्त टिकतात हे दाखवलं. टिकतात, परत उगवत नाहीत. माणसांमध्ये टॉरिनच्या कॅप्सूलने काचबिंदू थांबतो हे सिद्ध करणारी मोठी चाचणी झालेली नाही, आणि डोळ्यातला दाब कमी करणारे थेंब मात्र चाचण्यांमध्ये सिद्ध झालेले आहेत. थेंब बंद करून कॅप्सूल सुरू करणं म्हणजे जे चालतं हे माहीत आहे ते टाकून जे चालेल की नाही माहीत नाही ते घेणं.

खाण्यातून किती मिळतं हा प्रश्न शेवटी येतोच. कोकणात आणि गोव्यात जे तिसऱ्या, शिनाणे, कालवं खातात त्यांना भरपूर मिळतं, शिंपल्यातल्या जिवांमध्ये टॉरिन खूप असतं, मासे आणि मटणातही असतं. भाज्या, डाळी, धान्य यांत जवळजवळ नसतं. मग आपले लाखो शाकाहारी लोक काय करतात? त्यांचं लिव्हर सिस्टीन आणि मेथिओनिन या गंधक असलेल्या अमिनो ॲसिडपासून टॉरिन बनवतं, शाकाहारी लोकांच्या रक्तात ते थोडं कमी सापडतं पण पडदा खराब होण्याइतकं नाही, म्हणून घाबरायचं कारण नाही, नीट प्रोटीन खा म्हणजे झालं. एनर्जी ड्रिंकच्या २५० मिलीच्या कॅनमध्ये साधारण १००० मिलिग्रॅम टॉरिन असतं, पण त्याबरोबर कॅफीन आणि भरपूर साखरही असते, आणि डायबिटीस असलेल्या माणसाच्या पडद्याचं ती साखर जे करते ते टॉरिन भरून काढणार नाही. ज्यांना कॅप्सूल घ्यायचीच आहे त्यांनी डोळ्याच्या डॉक्टरांना आधी सांगा, बाकी चालू असलेल्या गोळ्यांची यादी सोबत न्या, आणि किडनीचा त्रास असेल तर त्यांना विचारल्याशिवाय अजिबात सुरू करू नका, कारण शरीरातलं जास्तीचं टॉरिन बाहेर टाकायचं काम मुख्यतः किडनीच करते.